मिटलेलं लेदर, वितळणारी झेनिया: सॉफ्ट कोरल बिघडलं की तपास कुठून सुरू करायचा

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं सॉफ्ट कोरल, म्हणजे मऊ प्रवाळ, मिटलं की बहुतेक जण दोन गोष्टी करतात. दगड उचलून दुसरीकडे ठेवतात आणि कपाटातून कुठलीतरी बाटली काढतात: आयोडीन, अमिनो, ‘बूस्टर’, हाताला लागेल ते. दोन्हींनी नुकसानच जास्त होतं. जागा बदलली की कोरलला नव्या उजेडाची आणि नव्या प्रवाहाची सवय पहिल्यापासून करावी लागते. बाटली ओतली की पुढे सुधारलं काय नि बिघडलं काय, कशामुळे ते कळत नाही. म्हणून आधी मोजायचं, मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तिला निदान आठवडा द्यायचा. अमोनिया, तांबं किंवा सडणारं कोरल सापडलं तर मात्र वाट बघायची नाही.

इथे लेदर, झेनिया, केनिया ट्री, जीएसपी (ग्रीन स्टार पॉलिप) यांच्यासोबत झोआ (झोअँथिड) आणि मश्रूम कोरलही धरले आहेत. शास्त्राच्या हिशेबाने शेवटचे दोन खरे सॉफ्ट कोरल नव्हेत, पण दुकानात आणि टाकीत ते एकाच रांगेत बसतात. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे, ऑर्गन पाइप आणि फायर कोरल यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, त्यामुळे त्यांचा विषयच नको. मालवणच्या खडकावरून ‘एक छोटा तुकडा’ आणण्याचाही नको.

आधी, ते खरंच आजारी आहे का?

टोडस्टूल लेदर, म्हणजे सार्कोफायटन, अधूनमधून सगळे पॉलिप (अंगावरची फुलांसारखी बारीक तोंडं) आत घेतं. अंग मेणचट चकाकतं, रंग करडा पडतो, वर धूळ आणि शेवाळ बसायला लागतं. साप कात टाकतो तसाच हा प्रकार आहे. वरचा थर साठलेल्या घाणीसकट सुटून जातो आणि खालून ताजं अंग निघतं. तीन-चार दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत हे चालतं. त्या काळात प्रवाह थोडा वाढवायचा, किंवा मोठ्या सिरिंजने टाकीचंच पाणी हलक्या हाताने मारायचं. थर नखाने सोलू नका, खालचं अंग फाटतं.

शंका असेल तर हातमोजा घालून बोट लावून बघा. कात टाकणारं लेदर मिटलेलं असलं तरी घट्ट आणि रबरी लागतं. बोट रुतत असेल, तपकिरी-काळे डाग पसरत असतील, कुजका वास येत असेल तर ते सडतंय. त्याचा उपाय शेवटी दिला आहे. सडत नाही, पण दोन आठवडे उलटूनही उघडत नाही, तर दोष पाण्यात किंवा शेजारात शोधायचा.

जीएसपीचा दगड हलवला की काही दिवस नुसती जांभळी चटई दिसते. चटईवर गाळ साठला नाही ना, एवढं बघायचं. झेनियाची धडधड (पॉलिपची सततची उघडझाप) थांबणं हाही आजार नव्हे. पॉलिप उघडे आणि देठ ताठ असेल तर तिला तिच्या वाटेने जाऊ द्या. देठ लुळा पडला, टोकं आक्रसली आणि तळाशी पांढरट चिकट काही सुटायला लागलं तर मात्र ती वितळतेय. झेनिया वितळते तेव्हा दोन-तीन दिवसांत अख्खा झुपका जातो. चांगला भाग कापून वेगळ्या दगडावर किंवा वेगळ्या टाकीत हलवणं हाच त्यातला खात्रीचा मार्ग.

पाणी

लक्ष्य धरायचे आकडे असे: तापमान २५ ते २६.५ अंश, खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) म्हणजे विशिष्ट घनता १.०२६, अल्कलिनिटी (आम्ल झेलण्याची पाण्याची ताकद) ८ ते ९ डीकेएच (तिचं एकक), नायट्रेट ५ ते १५ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. कॅल्शियम ४०० ते ४४० आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० असलं की झालं. सॉफ्ट कोरलला दगडी सांगाडा नसतो, अंगात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण तेवढे असतात. त्यामुळे कॅल्शियमचा खप फार नाही, पाणी बदलताना मिळतं तेवढं पुरतं. नुसत्या सॉफ्ट कोरलच्या टाकीला कॅल्शियमचा डोसिंग पंप लावणं म्हणजे पैसे वाया.

सगळ्यात आधी खारटपणा, कारण यात चूक मोजमापाचीच जास्त असते. काटा हलणाऱ्या प्लास्टिकच्या हायड्रोमीटरवर विसंबू नका. काट्याला एक बुडबुडा चिकटला की आकडा जास्त दिसतो. रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याच्या थेंबातून उजेड किती वाकतो त्यावरून खारटपणा दाखवणारा) घ्या, पण तो ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणावर लावा. आरओच्या पाण्यावर शून्य जुळवलं म्हणजे ३५ लाही बरोबर असेल असं नाही. स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर बऱ्याचदा साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात, समुद्राच्या पाण्यासाठी नव्हे. शून्य बरोबर आणि ३५ ला दीड-दोन पीपीटीची चूक, असं सहज होतं.

खारटपणा कमी निघाला तर एकदम मीठ टाकू नका. १०० लिटर पाणी असलेल्या टाकीतून रोज २ लिटर उडत असेल, तर त्या जागी साध्या पाण्याऐवजी ३५ पीपीटीचं खारं पाणी भरा. रोज २ लिटरमधून ७० ग्रॅम मीठ जातं, म्हणजे खारटपणा दिवसाला ०.७ पीपीटीने चढतो. ३० वरून ३५ ला यायला आठवडाभर लागतो आणि कोरलला तो झेपतो. हेच गणित उलटंही चालतं. दोन दिवस टॉप-अप विसरलात तर पाणी ३५ वरून ३६.५ च्या आसपास पोचतं, आणि तिसऱ्या दिवशी चार लिटर गोडं पाणी एकदम ओतलं की पुन्हा खाली. नॅनो, म्हणजे छोट्या टाकीत झोआ सतत अर्धवट मिटलेले दिसण्यामागे हा झोका बऱ्याचदा असतो. त्यावर ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) लावणं हा खर्च इतर कुठल्याही बाटलीपेक्षा जास्त कामाचा.

आता स्वयंपाकघरातला आरओ. हा खास आपल्याकडचा घोळ आहे. आपल्या घरगुती प्युरिफायरमध्ये पाणी ‘चवदार’ राहावं म्हणून टीडीएस कंट्रोलर असतो. तो मेंब्रेनमधून गाळलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं पाणी मिसळतो. प्युरिफायरच्या नळाला ५० ते १०० टीडीएसचं (विरघळलेल्या क्षारांचं) पाणी येतं. प्यायला उत्तम, टाकीला वाईट, कारण उरलेल्या त्या टीडीएसमध्ये नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट काहीही असू शकतं. काही मॉडेलमध्ये पुढे खनिजांचं किंवा चक्क तांब्याचं कार्ट्रिज असतं. माणसाला चालणारं तांबं बिनकण्याच्या प्राण्यांना फार कमी प्रमाणातही विष ठरतं. टाकीसाठी वेगळा मेंब्रेन आणि त्यापुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार काढणारं) हवं. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्य हवा. २ किंवा ३ दिसायला लागला की रेझिन बदला. मेंब्रेनच्या आधीचा कार्बन फिल्टरही वेळेवर बदला, नाहीतर क्लोरीन मेंब्रेन खातं. आणि नवं पाणी भरताना पहिली काही मिनिटं सोडून द्या. बंद पडून राहिलेल्या मेंब्रेनमधून सुरुवातीला टीडीएस जास्त येतो.

अल्कलिनिटी ७ असो की १० असो, सॉफ्ट कोरल दोन्हीत राहतं. ती एका दिवसात उडी मारते तेव्हा त्रास होतो, आणि ही उडी बहुधा पाणी बदलताना बसते. काही मिठांचं ताजं पाणी १२ डीकेएचच्या आसपास निघतं. टाकी ७ वर असेल आणि तुम्ही २५ टक्के पाणी बदललं, तर टाकी एका तासात ८.२५ वर जाते. ‘पाणी बदललं की कोरल दोन दिवस मिटतं’ या तक्रारीत आधी हेच बघा. बादलीतल्या नव्या पाण्याची अल्कलिनिटी मोजा, तापमानात एका अंशापेक्षा जास्त फरक ठेवू नका, मीठ विरघळल्यावर पाणी पंप लावून रात्रभर फिरू द्या. ३५ पीपीटीसाठी लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम मीठ लागतं, पण शेवटचा शब्द रिफ्रॅक्टोमीटरचा.

अल्कलिनिटी खरंच खाली असेल तर खाण्याचा सोडा चालतो. १०० लिटरला ३ ग्रॅम सोड्याने १ डीकेएच वाढते. अर्धा लिटर आरओ पाण्यात विरघळवून जोराच्या प्रवाहात हळूहळू सोडा, दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त नको. बेकिंग पावडर नव्हे, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतं.

फार स्वच्छ पाणी हाही रोगच आहे, आणि हल्ली हा जास्त दिसतो. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) चोवीस तास, फॉस्फेट शोषणारं लोहाचं मीडिया भरपूर, मासे दोन आणि खाणं चिमूटभर. मग टेस्ट किट नायट्रेट ०, फॉस्फेट ० दाखवतं आणि मालक खूश होतो. मश्रूम आक्रसतात, झोआंची डोकी लहान होत जातात, लेदर फिकट पडतं, आणि वाळूवर बुडबुड्यांसह तपकिरी चिकट डायनो (डायनोफ्लॅजेलेट हे सूक्ष्मजीव) पसरतात. सॉफ्ट कोरल जगतं ते अंगातल्या सूक्ष्म शैवालावर, आणि त्या शैवालाला नायट्रेट-फॉस्फेट लागतं. फॉस्फेटचं मीडिया काढा, स्किमर फक्त रात्री चालवा, माशांना दिवसातून दोनदा खाऊ घाला. दोन-तीन आठवड्यांत आकडे उठतात. उलट टोकाला नायट्रेट ५० च्या वर असेल तर दर आठवड्याला १५ टक्के पाणी बदलत आणा. एका झटक्यात ५ वर आणायची घाई नको.

उन्हाळा आणि हवा

२८ अंशांपर्यंत बहुतेक सॉफ्ट कोरल कुरकुरत का होईना राहतात. ३० च्या वर पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, अंगातलं शैवाल बाहेर टाकलं जातं आणि कोरल पांढरं पडायला लागतं. टाकीवर फुंकणारा पंखा पुण्या-नागपुरात एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत दोन-तीन अंश उतरवतो. मुंबई-रत्नागिरीत पावसाळ्यात हवा आधीच ओली, तिथे पंख्याचा फारसा उपयोग नाही. चिलर घ्या किंवा खोलीचा एसी चालू ठेवा. पंखा लावला की बाष्पीभवन वाढतं, म्हणजे वरचं टॉप-अपचं गणित आणखी कडक. वीज गेली आणि पाणी तापायला लागलं तर १ लिटरची गोठवलेली बाटली १०० लिटर पाणी साधारण एका अंशाने उतरवते. झाकण घट्ट लावून तरंगत ठेवा, आणि एक वितळल्यावरच दुसरी टाका. वेव्हमेकर (टाकीत प्रवाह तयार करणारा पंप) इन्व्हर्टरवर, किंवा निदान एक बॅटरीवरचा हवेचा पंप हवाच. अंधार कोरलला दोन दिवस चालतो, थांबलेलं पाणी चालत नाही.

आकडे सगळे बरोबर, तरी सगळी कोरलं एकाच दिवशी मिटली? मग विषाचा संशय घ्या. डासांसाठी गल्लीत होणारी फॉगिंग, खोलीतलं प्लगमधलं डासांचं लिक्विड, झुरळांचा स्प्रे: या औषधांमधली पायरेथ्रॉइड कोळंब्या-खेकड्यांना आधी मारतात. हवेचा पंप आणि स्किमर ती हवा ओढून थेट पाण्यात मिसळतात. फॉगिंगच्या वेळी खिडक्या बंद आणि दोन्ही पंप तासभर बंद, एवढं तरी करा. वेव्हमेकर चालू राहू द्या. दुसरा संशय वेव्हमेकरच्या चुंबकावर. त्याचं प्लास्टिकचं कवच फुगलेलं किंवा तडकलेलं असेल तर आतलं धातूचं चुंबक गंजून पाण्यात उतरतंय. तिसरा माशांच्या औषधावर. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासाठी याच टाकीत कधी तांब्याचं औषध घातलं असेल तर ते दगडात मुरतं आणि पुढे महिनोन्‌महिने सुटत राहतं. जुनी टाकी विकत घेणाऱ्यांनी हे विचारून घ्यावं. उपाय तिन्हींचा सारखा: ताजा कार्बन (पाण्यातलं विष, रंग शोषणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन), धातू शोषणारं मीडिया, २५ टक्के पाणी आज आणि तेवढंच उद्या.

उजेड आणि प्रवाह

मश्रूमला ५० ते ८० पार (PAR, कोरलला वापरता येणाऱ्या उजेडाचं माप) पुरतो, झोआंना ८० ते १५०, लेदरला १०० ते २००. मोबाइलवरची लक्स ॲप निळ्या एलईडीसाठी बिनकामाची आहेत. पार मीटर कुणाकडून दोन दिवस मागून आणलेला बरा. मीटर नसेल तर कोरलच सांगतं. उजेड कमी असेल तर देठ लांबतो, झोआ उंच मान काढतात, रंग तपकिरी होतो. जास्त असेल तर अंग आक्रसतं, रंग फिका पडतो, मश्रूम कडा आत वळवतं किंवा दगड सोडून सावलीत जातं. नवा दिवा लावला की ३० ते ४० टक्क्यांवरून सुरुवात करून आठवड्याला ५ टक्के वाढवा. दिवस आठ-नऊ तासांचा पुरे.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. बरेच महिने कार्बन न वापरलेल्या टाकीत पाणी पिवळसर होतं, आणि तो पिवळेपणा निळा उजेड अडवतो. एके दिवशी भरपूर कार्बन टाकला की पाणी काचेसारखं होतं आणि दिव्याला हात न लावता कोरलवर उजेड वाढतो. मग कार्बनने कोरल मेलं असं लोक म्हणतात. कार्बन पहिल्यांदा घालताना निम्माच घाला, किंवा दिवा १० टक्के खाली आणा.

प्रवाहासाठी ताशी टाकीच्या १५ ते २० पट, म्हणजे १०० लिटरला १५०० ते २००० लिटरचा वेव्हमेकर. त्याचा झोत थेट कोरलवर नको; काचेवर आपटून उलटसुलट फिरणारं पाणी हवं. लेदरला त्यातला जास्त वाटा, मश्रूमला कमी. लेदर एकाच बाजूला कायम झुकलेलं आणि त्या बाजूचे पॉलिप बंद, तर झोत थेट लागतोय.

शेजारी

सॉफ्ट कोरल शांत दिसतं, पण सार्कोफायटन आणि सिन्युलारिया (दुसरं एक लेदर) पाण्यात टर्पीन जातीची रसायनं सोडतात. त्यांनी शेजारी मिटतात, वाढायचे थांबतात. छोट्या टाकीत चार-पाच मोठी लेदर आणि सोबत झोआ-झेनिया असतील तर आकडे कितीही चांगले असोत, कुणीतरी कायम नाराज राहणारच. दोघांत निदान १५ सेंटिमीटर अंतर ठेवा, प्रवाह लेदरवरून थेट दुसऱ्यावर जाऊ देऊ नका आणि कार्बन कायम ठेवा. १०० लिटरला साधारण ५० ग्रॅम कार्बन पुरतो. काळं पाणी निघायचं थांबेपर्यंत आरओच्या पाण्यात धुवा, पिशवीत भरून संपमध्ये (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीत) वाहत्या जागी ठेवा, तीन-चार आठवड्यांनी बदला. कुणाला कापलं किंवा कुणी कात टाकत असेल तर आठवड्यातच बदला.

मासेही तपासा. क्लाउनफिश लेदरमध्ये घर करतो आणि घासून घासून पॉलिप उघडू देत नाही. बटरफ्लाय आणि बरेच एंजल टोचा मारतात. एप्टेशिया (तणासारखं वाढणारं, डंख मारणारं छोटं समुद्रफूल) शेजारी उगवली की तिच्या बाजूची कडा जळते. ब्रिसल वर्मवर मात्र उगाच आळ येतो. तो सडलेलं खायला येतो, सडवत नाही.

झोआ मिटून राहिले आणि पाण्यात दोष नसेल तर दिवे गेल्यावर दोन तासांनी लाल टॉर्च घेऊन बसा. झोआ खाणाऱ्या न्युडिब्रँकचा (शंख नसलेल्या समुद्री गोगलगायीचा) रंग त्याने खाल्लेल्या झोआसारखाच होतो, त्यामुळे दिवसा तो दिसत नाही. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा चपटा शंख दिसला तर तो संडायल गोगलगाय, हाताने काढून टाका. देठांच्या बाजूला खसखशीएवढे पांढरे-पिवळे फोड असतील तर तो झोआ पॉक्स हा रोग.

डिप, कापणं आणि काळजी

डिप, म्हणजे कोरल थोडा वेळ औषधाच्या पाण्यात बुडवणं, कायम वेगळ्या भांड्यात, टाकीच्याच पाण्यात. तयार कोरल डिप लेबलवरच्या मात्रेत, लेबलवरच्या वेळेइतकंच. दर मिनिटाला सिरिंजने फुंकर मारत राहा, कीड सुटून तळाशी येते. न्युडिब्रँकची अंडी डिपने मरत नाहीत. चकलीच्या वेढ्यासारखी ती देठाच्या खाली असतात, ती चिमट्याने खरवडा आणि दर ५ ते ७ दिवसांनी निदान तीनदा डिप करा. शेवाळाने गुदमरलेल्या झोआंसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं, पण परदेशी कृती ३ टक्क्यांच्या बाटलीसाठी लिहिलेल्या असतात. आपल्या मेडिकलमध्ये मिळणारी ‘२० व्हॉल्यूम’ची बाटली साधारण ६ टक्क्यांची. ती असेल तर १ लिटर पाण्यात ५० मिली, पाच मिनिटं, आणि मग स्वच्छ खाऱ्या पाण्यात खळबळून टाकीत. हे झेनिया, मश्रूम, लेदरवर करू नका.

झोआ आणि त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असू शकतं. ते असलेला दगड उकळू नका, गरम पाण्याने धुऊ नका, ब्रशने घासून शिंतोडे उडवू नका. वाफेतूनही विषबाधा होते. तोंडाला धातूची चव, ताप, धाप लागली तर थेट दवाखाना, आणि डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द सांगा.

सडणारं लेदर टाकीबाहेर काढून कापायचं. नव्या ब्लेडने, सडलेल्या कडेपासून सेंटिमीटरभर निरोगी अंगात शिरून, तपकिरी काही उरणार नाही असं. तुकडा टाकीच्या पाण्याने धुवा, आयोडीनचा डिप लेबलप्रमाणे द्या. सुपरग्लू लेदरच्या चिकट स्रावावर टिकत नाही. तळातून प्लास्टिकची काडी आरपार घालून ती दगडाला रबरबँडने बांधा, रबर अंगावर आवळू नका. सुटलेल्या मश्रूमसाठी उथळ वाटीत दगडांचा चुरा घ्या, वर जाळीचं कापड लावा. आठ-पंधरा दिवसांत ते एखाद्या खड्याला धरतं. कापलेलं लेदर जोराच्या प्रवाहात ठेवा, २० टक्के पाणी बदला, कार्बन ताजा घाला. त्या रात्री स्किमर उतू जाऊ शकतो, कप उघडा ठेवून झोपू नका. जखम एक-दोन आठवड्यांत भरते.

सुधारणा दिसायलाही क्रम असतो. आधी अंग फुगतं, मग पॉलिप निघतात, रंग सगळ्यात शेवटी आणि त्याला महिने लागतात. पांढरं पडलेल्या कोरलचा रंग परत येईपर्यंत उजेड वाढवू नका.